मे महिन्यात येणाऱ्या भाचीस

ये, रेवू. खरं फ्रॉक नको,
पूर्ण बाह्यांचं काहीतरी आण, फिक्या रंगाचं.
काळ्या कापडावर ते असे येऊन बसतात
जसे लग्नात पुढच्या सोफ्यावर लांबचे पाव्हणे.
(‘खरं’ म्हणजे आमच्याकडं ‘पण’.
आणि इथं बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात.
हसू नकोस.)

झोपायचं गच्चीवर. मे महिन्यात वडगावात
घरात कोण झोपतंय?
संध्याकाळी स्लॅबवर चार बादल्या पाणी मारतो मी,
चर्र वाजतं, वास येतो तापल्या सिमेंटचा,
खरं साचू देत नाही.
खराट्यानं शेवटचा ओघळ पन्हळीपर्यंत नेऊन सोडतो.
टाकीचं झाकण, कुंडीखालची बशी,
कावळ्यासाठी ठेवलेली वाटी,
सगळं रोज पालथं.
तू म्हणशील, मावशीला वेड लागलंय.
लागू दे.

दिवेलागणीला अर्धा तास खाली ये.
ती वेळ त्यांची. आपण ती सोडायची.

काकांचे पाय बघून घाबरू नकोस.
तीस वर्षं खड्ड्याच्या मागावर बसले ते:
कमरेच्या वर रेशीम, उजेड, मोरपंखी काठ,
कमरेच्या खाली ओल आणि अंधार,
आणि त्या अंधारात पावडीवर दोन उघडे पाय.
एक हात दोरीला, एक फणीला.
डास मारायचा तर नक्षी चुकायची.
त्यांनी नक्षी चुकवली नाही.
घोट्याभोवती काळे ठिपके आहेत अजून,
दाट, एकसारखे,
जणू तिथंही कोणीतरी विणत होतं.
आता खड्डा बुजवून फरशी घातलीय,
तरी खुर्चीवर ते पाय वर घेऊनच बसतात.

अंधार पडला की शेजारच्या गच्चीवर
नीलव्वा फुटक्या घमेल्यात धूर करते:
निर्गुडी, कडुलिंबाचा पाला, नारळाच्या शेंड्या.
ती ‘सोळ्ळी’ म्हणते, मी ‘डास’.
डोळे दोघींचे सारखेच चुरचुरतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बोलत नव्हतो.
गल्लीला सांगितलं, नळाच्या पाळीवरून बिनसलं.
नळाचं नव्हतं ते.
तिचा नातू, चन्नू, नऊ दिवस दवाखान्यात होता.
त्याला चावला तो रात्रीचा डास नव्हे,
पायावर पांढरे पट्टेवाला, भर दुपारचा,
पोरं गच्चीवर पतंग घेऊन होती तेव्हाचा.
आणि आमच्या गच्चीवर स्कूटरचा एक जुना टायर होता,
त्यात वळवाचं पाणी.
कुणी काही म्हणालं नाही.
मी रात्री एकटीनं तो टायर खाली नेला,
बळ्ळारी नाल्यापर्यंत गेलो, आणि परत घेऊन आलो.
नाल्यात टाकून काय होणार होतं?
भोकं पाडून ठेवलाय तो. जिन्याखाली आहे. बघशील.

चन्नू बरा होऊन आला त्या रात्रीपासून
नीलव्वानं घमेलं आपल्या कोपऱ्यातून उचलून
मधल्या कठड्यावर ठेवलं.
बोलली नाही.
वारा तिकडचा असला तर धूर तिला,
इकडचा असला तर मला.
दोन महिने आम्ही असं धुरानंच बोललो.

बाकी सोय आहे. खोबरेलात कापूर विरघळवून ठेवलाय,
घोट्याला लाव, कानामागं लाव, मनगट विसरू नको.
मच्छरदाणीला चार वेळू बांधलेत.
एक कोपरा उंदरानं कातरला होता,
तिथं मोरपंखी तुकडा जोडलाय, शेवटच्या मागावरचा.
ती तुझी उशाची बाजू.
दाणीला अंग टेकवून झोपू नको,
जाळीतूनही चावतात मेले.

आणि तरी एखादा आत शिरलाच,
कानाशी यायला लागला,
तर लाईट लावू नको, चादर झाडू नको.
काका उठून बसतील.
बराच वेळ नुसतं ऐकत राहतील अंधारात.
मग हळूच म्हणतील, हलू नको, पोरी.
दोन्ही हात मोकळे आहेत आता त्यांचे.